ताईची डबी घरी आणताना

सोमवार, ४

नोकरीत असताना रोजच्या कामाची डायरी लिहावी लागे. कुठल्या दुकानाचा तराजू तपासला, कोणतं वजन कमी भरलं, कुणाला समज दिली. वजनमापं निरीक्षक म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झालो आणि डायरी सुटली, कारण लिहिण्यासारखं काही घडेना. सकाळी बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचं आणि दुपारी ऊन आलं की खुर्ची आत घ्यायची. बायको म्हणते, तुम्ही आणि खुर्ची यांत फरक एवढाच की खुर्ची जेवण मागत नाही.

आज पुन्हा वही उघडली. उद्या ताईला आणायला निघायचं आहे.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. समुद्रकाठच्या गावात तिने जन्मभर बाळंतपणं केली, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर स्वतःची छोटी गाडी हाकत जाऊन. लग्न केलं नाही. आमच्याकडे राहायला ये असं मी कधीपासून म्हणत होतो आणि ती उडवून लावत होती. परवा फोनवर एकदम हो म्हणाली. अट एकच, गाडी बरोबर येणार.

बायकोने मागची खोली रिकामी केली, नवे पडदे शिवले. पण गाडीचं ऐकल्यावर तिचा पारा चढला. माणूस येऊ दे, त्यांचं हक्काचं घर आहे, पण ते भंगार कुठे ठेवायचं, असा तिचा सवाल. 

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला थोडी धास्ती वाटते आहे. ताई घरात आली की मी पुन्हा तिचा ‘छोट्या’ होणार. त्रेसष्टाव्या वर्षी.

बुधवार, ६

पोचलो. आगगाडीत पाठ आखडली.

ताईने घरातलं जवळजवळ सगळं वाटून टाकलंय. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन राहिलेत. मागे उरलंय ते शिवणयंत्र, पुस्तकांचं एक खोकं, नर्सची जुनी काळी बॅग, कुंडीतलं एक काटेरी झाड आणि गाडी. गाडीला अख्खी गल्ली ‘डबी’ म्हणते. ते नाव बरोबर आहे. मूळचा पिवळा रंग आता शिळ्या लोण्यासारखा झालाय. मागचं एक दार आतून दोरीने बांधलंय. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजतो. ताई म्हणते, वाजू दे, लोक सावध होतात.

संध्याकाळी निरोप द्यायला माणसांची रीघ लागली. बेकरीवाला आला, त्याची आई आली, त्याची मुलगी आली. तिघांपैकी दोघांना ताईनेच या जगात आणलंय. बेकरीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की सांभाळून न्या. मला वाटलं गाडीबद्दल म्हणतोय. मी म्हटलं, टायर बरे आहेत.

ताईने चहा केला, पण ओतताना कपापेक्षा बशीतच जास्त पडला. इतक्या वर्षांचं घर सोडायचं म्हटल्यावर हात कापणारच. मी बशीतला प्यायलो.

गुरुवार, ७

आजचा दिवस नीट लिहिला पाहिजे, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी निघालो. ताई चालवत होती, मी शेजारी, मांडीवर कुंडी. गावाबाहेरच्या पेट्रोलपंपापर्यंत तिने गाडी इतकी सफाईने नेली की मी थक्क झालो. कुठे खड्डा, कुठे वळण, सगळं आधीच ठाऊक. मी तसं म्हणालो तर म्हणाली, हा रस्ता मी डोळे मिटूनही काढीन.

पंपावर उतरल्यावर मात्र तिथल्या पायरीवरून तिचा पाय सटकला. पडली नाही, पण उजवं मनगट धरून बसली. स्वतःच बॅगेतून क्रेप बँडेज काढलं, स्वतःच बांधलं आणि म्हणाली, “मुरगळलाय. आता तू चालव.”

मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, परवाना आहे ना?

परवाना आहे. खात्याला जीप मिळणार अशी एकदा हूल उठली होती, तेव्हा तीन आठवडे शिकून काढलेला. जीप काही आली नाही. परवाना मी दर वेळी मुदतीच्या आत नवा करून घेत आलो, कारण सरकारी कागद बाद होऊ देणं माझ्या स्वभावात नाही. एवढ्या वर्षांत तो मी कुणाला दाखवलाही नव्हता. ताईला कसा आठवला कोण जाणे.

पंपामागे बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीचं मोकळं आवार होतं. तिथे ताईने माझ्याकडून दुपारपर्यंत गिरवून घेतलं. क्लच सोडला की डबी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. कुंडी तीनदा लवंडली. ताई एकदाही ओरडली नाही. बाळंतिणींशी बोलायची तिची जी पद्धत असेल त्याच आवाजात सांगत राहिली: घाई नको, श्वास घे, आता हळूच सोड. शेवटी डबी सरळ चालली. मी आवाराला फेरी मारली, मग दुसरी मारली, मग थांबायचं कसं हे विसरल्यामुळे तिसरी मारली.

तिसऱ्या प्रहरी रस्त्यावर आलो. ताईचा एकच नियम आहे. नवशिक्याने जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. समोर बैलगाडी, उजवीकडून सायकल, पुढे पूल अरुंद, पाटीवर काय लिहिलंय, सगळं. त्याने म्हणे लक्ष रस्त्यावर राहतं. फार उत्तम पद्धत आहे. गाडी शिकवणाऱ्या सगळ्यांनीच ती वापरायला हवी.

मुक्कामाच्या गावी पोचलो तेव्हा घशाला कोरड पडली होती आणि सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. चारचाकी वाहन चालवून मी एका गावातून दुसऱ्या गावात आलो. मी.

शुक्रवार, ८

अंगाचा प्रत्येक सांधा दुखतो आहे. तरी गाडी चालवली. एका मेंढपाळाने सगळा कळप रस्त्यातून बाजूला घेतला आणि माझ्याकडे पाहून हात जोडले. बहुधा आभार मानले.

शनिवार, ९

दुपारी इंजिनमधून वाफ यायला लागली. झाकण उघडलं तर पंख्याचा पट्टा तुटून लोंबत होता. आसपास माणूस नाही, नुसती सूर्यफुलाची शेतं. मी रस्त्याकडेला बसून राहिलो. हे सगळं अंगाशी आलंय असं मला वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. गाडी इथेच सोडू, बस पकडू, तुझ्या हट्टापायी दोघं रस्त्यावर आलोय, असं बरंच काही बोललो.

 ताईने मनगटावरचं क्रेप बँडेज सोडवलं, पिळून त्याचा दोर केला आणि इंजिनमध्ये हात घालून, चाचपत चाचपत, पट्ट्याच्या दोन्ही चाकांभोवती आवळून गाठ मारली. अशी गाठ की मला दोन्ही हातांनी हलेना. हे नर्सलोक स्वतःचं दुखणं कसं गिळतात कळत नाही. माझ्या बोटात कुसळ रुतलं तरी मी दोन दिवस ते बोट वर धरून हिंडतो.

त्या बँडेजवर डबी पुढच्या गावापर्यंत आली. तिथल्या मेस्त्रीने झाकण उघडलं, पट्ट्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी, गाडीचं हाड मोडलं होतं का?” पट्टा मिळायला सोमवार उजाडेल म्हणाला. त्याच्याच माडीवर राहायची सोय झाली.

संध्याकाळी पाहिलं तर ताईने मनगटाला रुमाल बांधला होता, पण डाव्या. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मुरगळ सरकते कधीकधी. वैद्यकातलं मला काय कळणार.

दुपारी बोललो त्याची लाज वाटते आहे.

सोमवार, ११

काल दिवसभर बसून होतो. असं वाटलं होतं की कंटाळा येईल. आला नाही. ताई मेस्त्रीच्या सुनेशी तासन्‌तास गप्पा मारत होती. सुनेला दिवस गेलेत आणि ती घाबरलेली आहे. ताईने तिच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटले, बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगितलं, आणि ती पोरगी इतक्या मोकळेपणी हसली की तिची सासू स्वयंपाकघरातून बघायला आली.

मी मेस्त्रीला मदत केली, म्हणजे त्याचा टॉर्च धरला. डबीच्या पोटात काय काय आहे ते पाहिलं. इंजिन एवढंसं, शिवणयंत्राएवढं म्हटलं तरी चालेल. त्याच्या जिवावर ताई इतकी वर्षं चिखलातून, पावसातून पोरं जगात आणायला गेली.

बायकोचा फोन आला. कुठे अडकलात विचारत होती. मी गाडी चालवतोय हे सांगितलं नाही. पोचल्यावर तिचं तोंड बघायचंय. तिने मागच्या खोलीत दुसरा दिवा लावून घेतलाय आणि ताईला मऊ उशी लागते का कडक, हेही विचारलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, त्यांना माझं घर आवडेल ना? मला इतके दिवस वाटत होतं की धास्ती मला एकट्यालाच आहे.

आज पट्टा बसवून निघालो. वाटेत मी गाणं म्हणत होतो असं ताईने सांगितलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मंगळवार, १२

आज घाट.

मेस्त्रीने आधीच सांगून ठेवलं होतं की भरलेली डबी हा घाट चढणार नाही. त्याचं खरं ठरलं. दुसऱ्या वळणावर तिने मान टाकली. पहिल्या गियरमध्येही पुढे जाईना, उलट मागे घसरायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो म्हटलं तरी चालेल. ताईने खाली उतरून चाकामागे दगड लावला.

मागून एक ट्रक येऊन थांबला. सभागृहाला भाड्याने द्यायच्या खुर्च्या घेऊन चालला होता, अगदी शिगोशीग. ट्रकवाला चांगला होता. शिवणयंत्र, पुस्तकं, कुंडी, सगळं त्याने वर चढवलं. तरी डबी कुरकुरायची ती कुरकुरलीच. तेव्हा ताई म्हणाली, “मी पण ट्रकमध्ये बसते. हलकी झाली की चढेल.”

मी म्हटलं, एकटा? ती म्हणाली, तुला येतंय. एवढंच. आणि ट्रकवाल्याचा हात धरून वर चढून बसलीसुद्धा. ट्रक वळणाआड गेला.

मी काही वेळ तसाच बसून होतो.  मग दगड काढायचा म्हणून उतरलो, तेव्हा हँडब्रेक नीट ओढलाय का हे तीनदा पाहिलं. परत बसलो. कुणी शेजारी नव्हतं, तरी बोलायला सुरुवात केली. समोर वळण, डावीकडे कठडा, कठड्यापलीकडे काही नाही, नुसती हवा. बस येते आहे. गेली. आता पुन्हा वळण. हॉर्न आपोआप वाजला. दरीतून त्याचा आवाज परत आला, तेव्हा मला एकदम हसू फुटलं आणि ते थांबेना. डबी पण मजेत वर चालली होती.

माथ्यावर पोचलो तर रस्त्याकडेला दोन लाल गादीच्या खुर्च्या मांडलेल्या. एकीवर ताई, दुसरीवर ट्रकवाला, हातात चहाचे पेले. ट्रकवाल्याने माझ्यासाठी तिसरी खुर्ची काढली. समोर डोंगर उतरत उतरत गेलेले, त्यापलीकडे सपाटी, तिच्यात नदी. ताई म्हणाली, काय दिसतंय सांग. मी म्हटलं, आता गाडी कुठे चालू आहे? ती म्हणाली, सांग तरी. मग मी सगळं सांगितलं, नदीचं वळण, शेतांचे तुकडे, एका छपरावर वाळत घातलेली लाल चादर. ती तोंड तिकडे करून, हसत ऐकत होती. ट्रकवाला माझ्याकडे जरा विचित्रपणे बघत होता. माझी बोलण्याची सवय त्याला नवीन असणार.

इतका आनंद मला शेवटचा कधी झाला होता ते आठवत नाही.

गुरुवार, १४

घरी पोचलो.

बायको फाटकात उभी होती. तिने ताईला हात केला, मग स्टिअरिंगमागे कोण आहे ते बघायला वाकली आणि तशीच राहिली. मी काच खाली करून म्हटलं, “फाटक उघड.” चाळीस वर्षांच्या संसारात मी इतक्या रुबाबात तिला काही सांगितलं नसेन. तिने उघडलं. मी आत घेताना गुलाबाची कुंडी फोडली, पण तिने तिकडे पाहिलंही नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, तापलीय बिचारी.

भंगार हा शब्द पुन्हा निघाला नाही.

शुक्रवार, १५

बायकोने सकाळी मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. म्हणाली, “ताईंना दिसत नाही नीट. तुमच्या लक्षात आलं नाही?”

मी म्हटलं, काहीतरीच काय. तिने एकेक सांगितलं. चहा बशीत सांडतो. कप हाताने चाचपून घेतात. नव्या पडद्यांचा निळा रंग छान आहे म्हणाल्या, पडदे हिरवे आहेत. काल मी फाटकात उभी असताना त्यांनी आधी विजेच्या खांबाला हात केला. मी उभा राहून ऐकत होतो. पंपावरची पायरी आठवली. घाटमाथ्यावरचा ट्रकवाल्याचा चेहरा आठवला. चिमूटभर खोट असलेला तराजू मी रस्त्याच्या पलीकडून ओळखत असे.

ताई मागच्या खोलीत पुस्तकं लावत होती, उलटीसुलटी. मी विचारलं. ती म्हणाली, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, तीन वर्षं झाली. मी चिडलो. ऑपरेशन का केलं नाहीस? किती बायकांना तू स्वतः पाठवलं असशील.

“सोपं असतं रे ते,” ती म्हणाली. “पण नंतर घरात कुणीतरी लागतं. डोळ्यांत थेंब घालायला.”

 मी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन सुलटं लावलं आणि म्हटलं, थेंब मी घालीन.

“तुझा हात जड आहे. वहिनी घालतील.”

दारामागे बायको उभी होती. ती म्हणाली, आजच दवाखान्यात नाव घालते.

मग मी निरीक्षकाच्या आवाजात ताईला सुनावलं की अशा डोळ्यांनी पंपापर्यंत गाडी चालवणं हा गुन्हा होता. तिने मान्य केलं. म्हणाली, म्हणून तर तुला बोलावलं. खरंच आहे, अशा वेळी शेजारी जाणतं माणूस हवं. नेमका त्याच दिवशी तिचा हात मुरगळला हे नशीबच म्हणायचं, नाहीतर पुढचाही रस्ता तिनेच चालवला असता.

मंगळवार, ९

मधे बरेच दिवस लिहायला फावलं नाही. सकाळी बाजार, दुपारी शेजारच्या आजोबांना बँकेत सोडणं, संध्याकाळी बायकोला तिच्या बहिणीकडे. खुर्ची आता मांजर वापरतं.

ताईच्या उजव्या डोळ्याचं काल झालं, आज पट्टी निघाली. डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर ताईने खालची, छापखान्याच्या नावाची बारीक ओळही वाचून दाखवली. हात मात्र अजून पूर्ण बरा नाही. भाजीची पिशवी उचलायची वेळ आली की दुखतो.

घरी येताना ताई पुढे बसली, बायको मागे.  ताई खिडकीतून बघत होती, मग माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. मग वेगाच्या काट्याकडे बघितलं.

“छोट्या,” ती म्हणाली, “आपण अख्खा रस्ता या वेगाने आलो?”

मी म्हटलं, सुरक्षितपणे आलो. मागे बायको इतकी हसायला लागली की तिला उचकी लागली. ताईही हसली, डोळ्यांना हात लावायचा नाही म्हणून हात मांडीखाली दाबून. मला राग आला नाही. मी वेग वाढवला. डबी थरथरली, मग तिला ते मानवलं. दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळायला लागली आणि ताई काच खाली करून वाऱ्यात तोंड धरून बसली.

आमची गल्ली आली, घर आलं, फाटक दिसलं. मी वळलो नाही.

“अहो, घर मागे राहिलं,” बायको म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “असू दे. चला पुढे.”